परदेशातली बस, मेट्रो आणि आपलं कार्ड: नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकहून लेकीकडे, लेकाकडे किंवा नुसतंच फिरायला निघालेली मंडळी व्हिसा हातात पडला की जे प्रश्न पाठवतात, त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. विमान, विमा, हॉटेल हे सगळं नीट झालेलं असतं. गाडी अडते ती तिथल्या मेट्रोच्या गेटपाशी. भाडी बदलत राहतात, म्हणून आकडे गरजेपुरतेच दिले आहेत.

१. सिटीलिंकमध्ये बसलो की कंडक्टर येतो, पैसे घेतो, तिकीट देतो. तिकडे नेमकं काय करायचं?

बहुतेक मोठ्या शहरांत कंडक्टर नसतोच. बसमध्ये दाराजवळ आणि मेट्रोच्या गेटवर एक यंत्र असतं. त्यावर कार्ड टेकवायचं, बीप वाजली, हिरवा दिवा लागला की आत. पिन नाही, ओटीपी नाही, सही नाही. लंडनच्या बसमध्ये तर जुलै २०१४ पासून रोख पैसे घेतच नाहीत, तेव्हा सुट्ट्यांची काळजी तिथे नको.

कार्ड यंत्रावर सपाट टेकवा आणि बीप होईपर्यंत तसंच धरा. नवखा माणूस रिक्षाला हात करावा तसं कार्ड यंत्रासमोर हलवतो. यंत्र काही वाचत नाही आणि मागे रांग खोळंबते. फॉरेक्स कार्डाबरोबर (परदेशी चलन आधीच भरून न्यायचं प्रीपेड कार्ड) चंदेरी पाकीट मिळालं असेल तर कार्ड त्यातून बाहेर काढून टेकवा, ते पाकीट कार्ड वाचलं जाऊ नये म्हणूनच दिलेलं असतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून ठेवा: यंत्राला तुम्ही कोण हे कळत नाही, त्याला फक्त कार्ड कळतं. पुढच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं यातूनच निघतात.

२. माझं कार्ड तिथे चालेल की नाही, हे इथे बसून कसं कळेल?

तीन गोष्टी पाहा. एक, कार्डावर वायफायसारख्या आडव्या लहरींची खूण हवी. दोन, कार्ड व्हिसा किंवा मास्टरकार्डचं हवं. तीन, बँकेच्या ॲपमध्ये दोन बटणं चालू हवीत: आंतरराष्ट्रीय व्यवहार आणि कॉन्टॅक्टलेस.

लोक अडकतात ते तिसऱ्यात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२० पासून नवीन कार्डावर परदेशातला वापर आणि टॅप करून पैसे देण्याची सोय आधीपासून चालू नसते, ती आपण चालू करावी लागते. पहिलं बटण बहुतेकांना माहीत असतं. दुसरं चालू नसेल तर लंडनच्या दुकानात कार्ड घालून पिन देता येतो, पण मेट्रोच्या गेटवर तेच कार्ड लाल दिवा दाखवतं, आणि माणसाला वाटतं कार्डच बिघडलं. निघण्याआधी कॉलेज रोडवरच्या एखाद्या दुकानात पिन न देता टॅप करून पाहा. कार्डातली चिप धड आहे, एवढं तरी त्यातून कळतं.

३. रुपे कार्ड किंवा यूपीआय चालेल का?

गेटवर यांच्या भरवशावर राहू नका. लंडनच्या गेटवर व्हिसा, मास्टरकार्ड आणि अमेरिकन एक्सप्रेस चालतात. त्या यादीत रुपे नाही. मुंबई मेट्रोत टॅप होतं ते एनसीएमसी कार्ड, म्हणजे २०१९ मध्ये सुरू झालेलं ‘वन नेशन, वन कार्ड’, आपल्या देशापुरतं आहे. यूपीआय सिंगापूर, यूएई, फ्रान्स, श्रीलंका अशा ठिकाणी काही दुकानांत क्यूआर स्कॅन करून चालतं. दुकानात चाललं म्हणून मेट्रोत चालेल असं धरून चालू नका. घरात फक्त रुपे कार्ड असेल तर बँकेकडून वेगळं व्हिसा किंवा मास्टरकार्ड मागून घ्या. त्याला थोडे दिवस लागतात, शेवटच्या आठवड्यात बँकेत जाऊ नका.

४. डेबिट, क्रेडिट की फॉरेक्स? कोणतं टॅप केलेलं स्वस्त पडतं?

भाडं तिन्हींवर सारखंच. फरक पडतो तो आपल्या बँकेच्या शुल्कात. बऱ्याच क्रेडिट आणि डेबिट कार्डांवर परकीय चलनाच्या व्यवहाराला ३.५ टक्क्यांपर्यंत शुल्क असतं आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे १,००० रुपयांच्या प्रवासाला ४१ रुपयांच्या आसपास जादा. बसच्या तिकिटापुरतं हे चालून जातं, महिनाभराच्या सगळ्या खर्चावर जड होतं.

फॉरेक्स कार्डावर त्याच देशाचं चलन भरलेलं असेल तर हे शुल्क वाचतं. नुसते डॉलर भरून लंडनला गेलात तर प्रत्येक व्यवहारात डॉलरचे पौंड होणार आणि त्याचा वेगळा आकार लागणार. सगळी प्रीपेड कार्डं गेटवर चालतातच असंही नाही, म्हणून फॉरेक्स कार्डाबरोबर एक क्रेडिट कार्ड जवळ असू द्या. डेबिट कार्डाला आमची पसंती सगळ्यात शेवटी: हरवलं तर थेट बचत खात्यावर घाला येतो.

तिकिटाच्या किंवा रिचार्जच्या मशीनवर ‘रुपयांत पैसे द्यायचे का?’ असं कधीकधी विचारतात. नाही म्हणा, तिथलंच चलन निवडा. रुपयांचा पर्याय सोयीचा वाटतो, पण त्याचा दर जवळजवळ नेहमीच महाग पडतो.

५. आम्ही दोघं नवराबायको आहोत. एकाच कार्डावर दोघांचं टॅप होईल का?

लंडन, सिंगापूर, सिडनी, दुबई इथे नाही. एका वेळी एका कार्डावर एकच माणूस. पहिल्याने टॅप केलं की यंत्र समजतं, या कार्डाचा प्रवास सुरू झाला. लगेच त्याच कार्डावर दुसरा आत जाऊ पाहतो, तेव्हा गेट उघडत नाही.

न्यूयॉर्क याला अपवाद आहे. तिथे एकाच कार्डावर एकामागोमाग टॅप करून चौघांपर्यंत जाता येतं, कारण तिथे सबवे आणि बसमध्ये भाडं अंतरावर नाही आणि बाहेर पडताना टॅप करायचं नसतं. मात्र आठवड्याच्या कमाल मर्यादेचा फायदा (प्रश्न ९) एकाच माणसाच्या फेऱ्यांना मिळतो.

एकाच खात्यावरची दोन कार्डं चालतात, क्रमांक वेगळे असले की झालं. फॉरेक्स कार्डाबरोबर कधीकधी दुसरं कार्ड पाकिटात येतं, पण ते बरेचदा पहिलं हरवल्यावर चालू करायचं असतं. ते आता चालू आहे का, हे देणाऱ्याला विचारून घ्या.

६. फोनने किंवा घड्याळाने टॅप करू का?

तुमच्या बँकेचं कार्ड फोनच्या वॉलेटमध्ये बसत असेल आणि इथल्या दुकानात टॅप होत असेल, तर तिथे वापरून पाहायला हरकत नाही. पण प्लास्टिकचं कार्ड खिशात हवंच, दिवसभर नकाशे पाहून फोन संध्याकाळपर्यंत मान टाकतो.

एक मेख लक्षात घ्या. फोनमधलं कार्ड आणि हातातलं कार्ड हे खातं एकच असलं तरी यंत्राच्या लेखी दोन वेगळी कार्डं आहेत. आत जाताना फोन आणि बाहेर येताना प्लास्टिक असं केलंत, तर एकाच प्रवासाचे दोन अर्धवट प्रवास होतात. त्याची किंमत प्रश्न ७ मध्ये.

७. बाहेर पडताना टॅप करायला विसरलो तर?

जिथे भाडं अंतरावर ठरतं, तिथे तुम्ही कुठे उतरलात हे यंत्राला बाहेरच्या टॅपवरूनच कळतं. ते नसेल तर ते सर्वांत जास्त भाडं धरतं. सिंगापूरच्या बसमध्ये उतरताना टॅप विसरलात तर बस शेवटच्या थांब्यापर्यंत गेल्याचं भाडं लागतं.

गोंधळ होतो कारण नियम गावोगाव वेगळा आहे. लंडनमध्ये मेट्रोला आत आणि बाहेर दोन्ही वेळा, बसला फक्त चढताना. सिंगापूर आणि दुबईत बसलाही दोन्ही वेळा. न्यूयॉर्कमध्ये सबवेलाही फक्त आत जाताना. नेदरलँड्समध्ये आणखी एक पेच आहे: एकाच स्टेशनवर वेगवेगळ्या रेल्वे कंपन्यांचे वेगळे खांब असतात. गाडी बदलताना कंपनी बदलत असेल, तर पहिल्या कंपनीच्या खांबावर टॅप करून बाहेर आणि दुसरीच्या खांबावर टॅप करून आत. खांबावर कंपनीचं नाव असतं, ते वाचा.

लंडनच्या काही लहान स्टेशनांवर गेट बंद नसतात, माणूस गप्पा मारत सरळ बाहेर येतो आणि टॅप राहून जातं. विसरलातच तर तिथल्या परिवहन विभागाच्या ॲपवर कार्ड नोंदवून कुठे उतरलात ते सांगता येतं. बरेचदा जादा पैसे परत मिळतात.

८. टॅप केलं, गेट उघडलं, पण किती पैसे गेले याचा मेसेजच नाही. आणि दुसऱ्या दिवशी भलत्याच रकमेचा आला. फसवणूक झाली का?

बहुतेक वेळा नाही. गेटवर बँकेला विचारत बसायला वेळ नसतो. यंत्र कार्ड खरं आहे का एवढंच क्षणात तपासतं आणि टॅपची नोंद ठेवतं. दिवसभराच्या नोंदी जुळवून भाडं नंतर काढलं जातं. लंडनमध्ये हा ‘दिवस’ पहाटे साडेचारला बदलतो, म्हणून दिवसभराच्या पाच प्रवासांचा मिळून एकच मेसेज येतो, तोही दुसऱ्या दिवशी. स्टेटमेंटमध्ये ‘टीएफएल ट्रॅव्हल’ असं काहीतरी दिसतं, टीएफएल म्हणजे लंडनचा परिवहन विभाग. सिंगापूरमध्ये काही दिवसांची भाडी साठवून एकदम घेतली जाऊ शकतात. पहिल्या टॅपनंतर कार्ड चालू आहे का हे पाहायला अगदी किरकोळ रकमेची चौकशीही होते.

हे माहीत नसल्याने घरी नाशिकला बसलेला मुलगा वडिलांच्या कार्डाचा मेसेज पाहून घाबरतो आणि कार्ड ब्लॉक करतो. मग वडील लंडनमध्ये गेटबाहेर उभे. निघण्याआधी घरच्यांना एवढं सांगून ठेवा. आधी रक्कम आणि नाव पाहायचं, मग ब्लॉकचं.

९. ‘कॅप’ म्हणजे काय? आणि मग पास घ्यायचा की नाही?

पंचवटी एक्सप्रेसने रोज मुंबईला जाणारा मासिक पास काढतो, कारण त्याला माहीत असतं की तो रोज जाणार. पर्यटकाला हे माहीत नसतं. म्हणून काही शहरांनी कमाल मर्यादा ठेवली आहे. दिवसभरात कितीही फिरा, ठरावीक रकमेच्या वर पैसे कापले जाणार नाहीत. आधी काही विकत घ्यायचं नाही, फक्त दिवसभर तेच कार्ड टॅप करायचं. कार्ड बदललंत की मोजणी नव्याने सुरू.

लंडनमध्ये रोजची मर्यादा आहे आणि आठवड्याचीही, पण तिथला आठवडा सोमवार ते रविवार. गुरुवारी उतरून पुढच्या बुधवारी निघालात तर राहणं आठवडाभराचं, मर्यादा मात्र दोन अर्ध्या आठवड्यांत तुटते, फायदा जवळपास नाही. न्यूयॉर्कमध्ये सात दिवस पहिल्या टॅपपासून मोजतात आणि साधारण १२ फेऱ्यांचं भाडं भरून झालं की उरलेल्या दिवसांत फेऱ्या मोफत. सिंगापूरमध्ये बँकेच्या कार्डाला अशी रोजची मर्यादा नाही, वर परदेशी कार्डाला वापराच्या प्रत्येक दिवसामागे ६० सेंट शुल्क आहे. तिथे दिवसभर भटकायचं असेल तर टुरिस्ट पासचा हिशोब करून पाहा.

आमचं मत विचाराल तर मुलीकडे दोन महिने राहायला गेलेल्या, आठवड्यातून दोनदा बाजार-देऊळ करणाऱ्या आई-बाबांना पासची गरज नसते.

स्वित्झर्लंड मात्र वेगळं. तिथे स्विस ट्रॅव्हल पास ३, ४, ६, ८ किंवा १५ दिवसांचा मिळतो, त्यात रेल्वे, बस, बोट सगळं येतं. रिगी डोंगराची गाडीही त्यात आहे. युंगफ्राउच्या डोंगरगाडीला मात्र नुसती सवलत मिळते, तिकीट काढावंच लागतं. रोज गाव बदलणार असाल तर पास घ्या. एकाच गावी राहून दोन डोंगर बघणार असाल तर हाफ फेअर कार्डाचाही (तिकिटं अर्ध्या भाड्यात देणारं कार्ड) हिशोब करा. जपानच्या जेआर पासचं (तिथल्या रेल्वेचा पर्यटकांसाठीचा पास) गणित ऑक्टोबर २०२३ मध्ये बदललं: सात दिवसांचा पास २९,६५० येनचा थेट ५०,००० येन झाला. ‘जपानला जाताय? जेआर पास घ्याच’ हा जुना सल्ला अजून फिरतो, तो आता डोळे झाकून ऐकू नका.

१०. कोणत्या शहरात आपलं बँकेचं कार्ड थेट चालतं आणि कुठे वेगळं घ्यावं लागतं?

थेट चालतं: लंडन (बसमध्ये २०१२ पासून, मेट्रोत २०१४ पासून), सिंगापूर, न्यूयॉर्क, सिडनी, मिलान, रोम, आणि नेदरलँड्समध्ये तर देशभर. न्यूयॉर्कचं जुनं पिवळं मेट्रोकार्ड २०२५ संपताना विक्रीतून गेलं, तेव्हा कुणी ‘पोहोचल्यावर मेट्रोकार्ड घे’ सांगितलं तर ती माहिती जुनी आहे.

वेगळं कार्ड घेतलेलं बरं: दुबईत नोल (प्रश्न ११), जपानमध्ये सुइका किंवा पास्मो (प्रश्न १२), हाँगकाँगमध्ये १९९७ पासून चालत आलेलं ऑक्टोपस, पॅरिसमध्ये नाविगो ईझी, इस्तंबूलमध्ये इस्तंबूलकार्ट. नाविगो ईझीवर फोटो लागत नाही, पण तेही माणशी एक. पॅरिसच्या विमानतळाचं तिकीट साध्या तिकिटापेक्षा वेगळं आणि बरंच महाग असतं. सिडनीतही विमानतळाच्या स्टेशनांवर जादा शुल्क लागतं.

जर्मनी आणि ऑस्ट्रियात प्रश्नच निराळा, कारण तिथे गेट नसतात. त्यासाठी प्रश्न १५. आणि लक्झेंबर्गला गेलात तर कार्ड खिशातच ठेवा, २०२० पासून तिथे सार्वजनिक वाहतूक फुकट आहे.

११. दुबईत नोल कार्ड कोणतं घ्यायचं? लाल, चंदेरी की सोनेरी?

एक-दोन फेऱ्यांपुरतं असेल तर लाल, ते कागदी तिकीट असतं. त्यावर एका वेळी एकाच प्रकारचं वाहन चालतं, मेट्रोसाठी भरलेलं बसला नाही. चार-पाच दिवस राहणार असाल तर चंदेरी: २५ दिरहमला मिळतं, त्यातले १९ दिरहम वापरायला. सोनेरीत भाडं दुप्पट, बदल्यात गोल्ड डब्यात बसता येतं.

चंदेरी कार्ड असताना चुकून गोल्ड डब्यात चढू नका, दंड होतो. महिला आणि मुलांच्या डब्यात पुरुषांनी चढणं, गाडीत खाणं-पिणं यालाही दंड आहे. निघताना बांधून दिलेला चिवडा मेट्रोत सोडायचा नाही. विमानतळावरून मेट्रोने येणार असाल तर माणशी एक मोठी आणि एक लहान बॅग एवढीच परवानगी आहे.

१२. जपानमध्ये सुइका घेतलं की देशभर चालतं ना?

टोकियोत घेतलेलं सुइका ओसाकाच्या मेट्रोतही टॅप होतं. पण टोकियोच्या भागात आत शिरून नागोयाच्या भागात बाहेर पडता येत नाही, प्रवास एकाच भागात सुरू होऊन तिथेच संपायला हवा. शिंकान्सेनचं, म्हणजे बुलेट ट्रेनचं, तिकीट वेगळं. पर्यटकांसाठीचं वेलकम सुइका २८ दिवस चालतं, त्याला अनामत नाही, पण उरलेले पैसेही परत नाहीत. साध्या सुइकाला ५०० येन अनामत असते. पैसे भरायच्या मशीनवर बहुतेक ठिकाणी रोख येनच लागतात.

१३. एसटीत आम्हाला अर्धं तिकीट, बाबांना तर फुकट. तिकडे ज्येष्ठांना आणि महिलांना सवलत मिळते का?

महिला म्हणून नाही. ज्येष्ठांच्या सवलती बहुतेक शहरांत आहेत, पण त्या तिथल्या रहिवाशांसाठी. लंडनचं साठीपुढचं कार्ड लंडनमध्ये राहणाऱ्यांना मिळतं, सिंगापूरची सवलत नागरिक आणि कायम रहिवाशांना. आधार कार्डाचं वय तिथे कुणी पाहणार नाही. आणि कुठे सवलत लागू असली तरी साधं बँकेचं कार्ड टॅप केल्यावर ती आपोआप मिळत नाही, यंत्र पूर्ण भाडं घेतं (प्रश्न १ चा शेवट पुन्हा वाचा).

१४. नातवंडांचं काय?

लंडनमध्ये ११ वर्षांखालची मुलं मोठ्यांबरोबर मेट्रोत मोफत. ११ ते १५ च्या मुलासाठी ऑयस्टर कार्ड (लंडनचं प्रवासाचं कार्ड) घेऊन स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याकडून त्यावर पाहुण्या मुलांची सवलत चढवून घ्या, बँकेच्या कार्डावर ती होत नाही. न्यूयॉर्क वय विचारत नाही, उंची पाहतं: ४४ इंचांपर्यंतची मुलं मोठ्यांबरोबर मोफत. सिंगापूर आणि दुबईतही उंची पाहतात: ९० सेंटिमीटरखालची मुलं मोफत. जपानमध्ये ६ ते ११ वयाला अर्धं भाडं.

१५. गेटच नाही, कुणी अडवलं नाही, तर तिकीट कसं काढायचं? आणि तपासनीस आला तर काय दाखवू?

बर्लिन, म्युनिक, व्हिएन्ना इथे तुम्ही थेट फलाटावर जाता. याचा अर्थ फुकट नाही. मशीनमधून कागदी तिकीट काढलं असेल तर फलाटावरच्या किंवा गाडीतल्या लहान पेटीत घालून त्यावर वेळेचा शिक्का मारून घ्यायचा. शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे तिकीट नाही, जर्मनीत दंड ६० युरो. तपासनीस साध्या कपड्यांतही असतात आणि ‘आम्ही पाहुणे आहोत’ यावर विरघळत नाहीत. जर्मनीत महिनाभर राहणाऱ्यांनी डॉइचलँडटिकेट (देशभर चालणारं मासिक तिकीट) पाहावं, पण ती मासिक वर्गणी आहे, वेळेत रद्द केली नाही तर नाशिकला परतल्यावरही पैसे कापले जातात.

कार्ड टॅप करायच्या शहरांत तपासनीसाकडे हातातलं यंत्र असतं. ज्या कार्डाने टॅप केलं तेच त्यावर टेकवायचं. फोनने केलं असेल तर फोन, म्हणून बॅटरी संपलेला फोन तिकीट नसल्यासारखाच.

१६. सकाळी चाललेलं कार्ड संध्याकाळी गेटवर नाकारलं. आता?

आधी पाकीट पाहा. एटीएम, पॅन, मेट्रो कार्ड सगळं एकत्र ठेवून पाकीटच टेकवलं तर यंत्र गोंधळतं किंवा भलतंच कार्ड वाचतं. कार्ड वेगळं काढून टेकवा.

तरी नाही झालं तर मागच्या दिवसाचे पैसे कापले गेले नसण्याची शक्यता मोठी: खात्यात किंवा फॉरेक्स कार्डावर त्या चलनात शिल्लक नव्हती. थकलेली रक्कम भरली की कार्ड पुन्हा चालू लागतं. थकबाकी ऑनलाइन भरताना मात्र ओटीपी लागू शकतो, आणि तो आपल्या भारतातल्या नंबरवर येतो. तेव्हा ते सिम रोमिंग चालू करूनच न्या, घरी काढून ठेवू नका.

आत जाताना एक कार्ड चाललं आणि बाहेर येताना तेच नाकारलं, तर घाईत दुसरं टेकवू नका. कर्मचाऱ्याला बोलवा. दुसरं टेकवलंत तर दोन अर्धवट प्रवास, दोन कमाल भाडी.

१७. मुलाने त्याचं तिथलं कार्ड दिलं तर वापरू का?

बँकेचं कार्ड असेल तर गेटला फरक पडत नाही, आणि आपलं परकीय चलनाचं शुल्क वाचतं. फक्त त्याच दिवशी तो स्वतः फोनवरून तेच खातं वापरत असला तरी कमाल मर्यादेची (प्रश्न ९) मोजणी दोघांची वेगळी होईल. त्याचा नाव-फोटो असलेला मासिक पास मात्र घेऊ नका, तपासणीत सापडलात तर दंड तुम्हाला आणि पास जप्त त्याचा.

१८. परत आल्यावर लगेच आंतरराष्ट्रीय वापर बंद करू का?

आठ-दहा दिवस थांबा. शेवटच्या दिवसाचं भाडं तुम्ही विमानात असताना किंवा त्यानंतरही येऊ शकतं, आणि जादा कापलेल्या पैशांचा परतावा त्याच कार्डावर यायचा असतो. फॉरेक्स कार्डावरची शिल्लक मोडायलाही तेवढेच दिवस थांबा. स्टेटमेंटमध्ये शेवटचा प्रवास दिसला की मग बटण बंद करा.